अंदाजपत्रकात माणसांचा वेळ : एका सामुदायिक अनुदानाचा अनुभव

शहराच्या प्रशासनाने सार्वजनिक वाहतूक आणि बहुसांस्कृतिक समावेशन या दोन विषयांसाठी मिळून सामुदायिक अनुदान जाहीर केले, तेव्हा आमच्या रहिवासी गटाने अर्ज करावा असे सर्वांनाच वाटले. पण नेमके काय मागायचे यावर एकमत व्हायला बराच काळ गेला. गटात वेगवेगळ्या भाषा बोलणारी कुटुंबे आहेत, त्यांपैकी कित्येक जण या शहरात अलीकडेच स्थायिक झालेले आहेत, आणि कामावर जाणे, मुलांना शाळेत पोचवणे, दवाखान्याची वेळ गाठणे हे सगळे बहुतेकांच्या बाबतीत बसवर अवलंबून आहे. कोणाला रात्रीची जादा फेरी हवी होती, कोणाला थांब्यावर छत हवे होते, तर कोणाला प्रवासाच्या कार्डात पैसे कसे भरायचे हे आपल्या भाषेत समजावून सांगणारे माणूस हवे होते. अर्ज लिहिण्याची जबाबदारी माझ्याकडे आली. त्या प्रक्रियेतून जाताना जे समजले ते सविस्तर मांडत आहे, कारण अशा योजनांच्या माहितीपुस्तिका नियम सांगतात, परंतु प्रकल्पाचे खरे स्वरूप कोणत्या रकान्यात ठरते हे सांगत नाहीत. माझ्या मते ते अंदाजपत्रकात ठरते, आणि त्यातही माणसांच्या वेळेसाठी किती रक्कम धरली आहे त्यावरून ठरते.

अशा अनुदानातून काय होऊ शकते आणि काय होऊ शकत नाही, हे आधी स्वच्छ समजून घ्यावे लागते. फेऱ्या वाढवणे, मार्ग बदलणे, नव्या गाड्या घेणे हे परिवहन संस्थेच्या नियमित अंदाजपत्रकाचे विषय आहेत. एक जादा फेरी म्हणजे चालकाची पाळी, गाडी, इंधन आणि देखभाल, आणि तीही वर्षभर रोजच्या रोज. एकदाच मिळणाऱ्या रकमेतून ती सुरू केली तर रक्कम संपताच बंद पडते आणि तिच्या भरवशावर रात्रपाळी स्वीकारलेला माणूस अडकून पडतो. अर्जपूर्व बैठकीत अनुदान विभागाच्या अधिकाऱ्यांनी हेच शांतपणे समजावून सांगितले. मात्र रात्री थांब्यावर कोण ताटकळते, कोणत्या कारणाने ताटकळते आणि त्यांची पाळी सुटण्याची वेळ शेवटच्या फेरीशी किती जुळते याची पद्धतशीर नोंद करून ती वेळापत्रकाच्या पुढच्या फेरआढाव्यात मांडणे हे काम अनुदानात बसते, असेही त्यांनी सांगितले. ही बैठक ऐच्छिक असते आणि अनेक गट ती टाळतात. माझा आग्रह आहे की ती चुकवू नये, आणि बैठकीत पहिला प्रश्न हाच विचारावा की परिवहन संस्था वेळापत्रकाचा फेरआढावा कधी घेते. कारण पाहणी त्या तारखेनंतर पूर्ण झाली तर पुढच्या आढाव्यापर्यंत तिला कोणी विचारत नाही.

पात्रतेच्या अटी बहुतेक ठिकाणी सारख्याच असतात : संस्थेची नोंदणी, संस्थेच्या नावाचे बँक खाते, मागील वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब. आमच्यासारख्या अनौपचारिक गटाकडे यांपैकी काहीच नसल्यामुळे एका नोंदणीकृत संस्थेच्या छत्राखाली अर्ज करावा लागला. ही व्यवस्था चांगली आहे, परंतु ती तोंडी ठेवू नये. व्यवस्थापनापोटी छत्र देणारी संस्था किती वाटा घेणार, बिले कोणाकडे राहणार, खर्चाला मंजुरी कोण देणार, आणि तयार झालेले साहित्य पुढे कोणाच्या मालकीचे असणार, हे चार मुद्दे अर्ज करण्याआधीच लेखी करून घेतल्यामुळे पुढे संबंध चांगले राहिले.

गरजेचे विवेचन हा अर्जाचा पहिला मोठा भाग. इथे बहुतेक जण व्यापक विधाने करतात. आम्हीही संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांपैकी ११.२ या लक्ष्याचा उल्लेख केला. २०१५ मध्ये स्वीकारलेल्या या उद्दिष्टांत सुरक्षित, परवडणारी आणि सर्वांना वापरता येईल अशी वाहतूक २०३० पर्यंत उपलब्ध व्हावी, आणि ती करताना स्त्रिया, मुले, अपंग व्यक्ती आणि वृद्ध यांच्या गरजांकडे विशेष लक्ष दिले जावे, असे म्हटले आहे. परंतु अशा उल्लेखाला छाननी समिती फार महत्त्व देत नाही, कारण तो प्रत्येक अर्जात असतो. वजन पडते ते थांब्यावरच्या निरीक्षणाला. टोरोंटोमधील मेट्रॅक या संस्थेने १९८९ मध्ये स्त्रियांच्या सुरक्षिततेची पाहणी करण्याची एक पद्धत तयार केली. तिच्यात त्या जागेचा प्रत्यक्ष वापर करणाऱ्या स्त्रियाच जागेवर फिरतात आणि अंधार, आडोसा, मदत मिळण्याची शक्यता यांची नोंद करतात. हीच पद्धत थोडी बदलून आम्ही वापरली. बाळगाडी ढकलणाऱ्या आया, चाकाच्या खुर्चीवरून प्रवास करणारे रहिवासी, रात्रपाळीचे कामगार आणि शहराची भाषा न वाचता येणारी वयस्कर मंडळी यांच्याबरोबर आम्ही थांब्याथांब्यावर उभे राहिलो.

यातून एक गोष्ट ठळकपणे दिसली, ती म्हणजे घरातल्यांची काळजी घेण्यासाठी होणारा प्रवास वेळापत्रकात कुठेच दिसत नाही. स्पॅनिश नगररचनाकार इनेस सांचेस दे मादारियागा यांनी या प्रकारच्या प्रवासाचा अभ्यास करून त्याची स्वतंत्र गणना व्हायला हवी असे मांडले आहे, आणि आमच्या नोंदी त्याला पुष्टी देणाऱ्या होत्या. सकाळी मुलाला शाळेत सोडून, तिथून सासूबाईंना दवाखान्यात नेऊन, येताना बाजार करून परतणाऱ्या बाईचा प्रवास तुकड्यातुकड्यांचा असतो. तो गर्दीच्या वेळेत बसत नाही आणि प्रत्येक तुकड्याला वेगळे तिकीट लागत असेल तर महागही पडतो. तिकिटाची वैधता काही काळ टिकते आणि तेवढ्या वेळात गाडी बदलता येते, ही सोय काही मार्गांवर आधीपासून होती. पण तिची माहिती ज्यांना सर्वाधिक उपयोगी पडली असती त्यांच्यापर्यंत ती पोचलेलीच नव्हती. अर्जात आम्ही हा मुद्दा सर्वांत वर ठेवला, कारण त्यासाठी नवीन फेरीची गरज नव्हती; गरज होती ती सांगणाऱ्या माणसाची.

पाहणीत कोणाचे नाव, पत्ता किंवा वास्तव्याच्या परवान्याची स्थिती विचारायची नाही, असे आम्ही सुरुवातीलाच ठरवले आणि अर्जातही तसे स्पष्ट लिहिले. अधिकृत कागद हातात घेऊन प्रश्न विचारणाऱ्याबद्दल नवागतांच्या मनात साहजिकच धास्ती असते, आणि बसची माहिती गोळा करण्यासाठी त्या धास्तीत भर घालण्याचे कोणतेही समर्थन होऊ शकत नाही. हा परिच्छेद समितीला आवडल्याचे नंतर कळले.

आता अंदाजपत्रक. पहिल्या मसुद्यासाठी गटाकडून आलेल्या सूचनांत छपाई, फलक, सभागृहाचे भाडे, संगणकावरील मांडणी आणि एक मोठा मेळावा अशा बाबी होत्या. भाषांतर आणि दुभाष्याचे काम मात्र ‘स्वयंसेवक करतील’ या एका ओळीत उरकले होते. माझा विरोध या ओळीला होता. समाजातील दोन भाषा उत्तम जाणणाऱ्या स्त्रिया नेहमीच सगळ्यांच्या मदतीला धावतात, शाळेत, दवाखान्यात, कचेरीत फुकट दुभाष्याचे काम करतात, आणि त्याच स्त्रियांना आणखी एका प्रकल्पासाठी विनामोबदला राबवून आपण समावेशनाचे काम केले असे म्हणणे मला अयोग्य वाटते. शाळकरी मुलांना दुभाषी म्हणून बसवण्याची पद्धत तर त्याहून वाईट आहे. मुलाला शाळा बुडवावी लागते, आईवडिलांच्या अडचणी त्याच्या तोंडून बाहेर येतात, आणि तांत्रिक बाबी सांगताना तो अडखळला की चुकीची माहिती पुढे जाते. म्हणून दुभाष्यांचे मानधन, भाषांतर, ते दुसऱ्या जाणकाराकडून तपासून घेणे, पाहणीत सहभागी होणाऱ्यांचे मानधन, त्यांच्या मुलांना सांभाळण्याची सोय आणि सर्वांचा प्रवासखर्च या बाबी आम्ही वेगवेगळ्या ओळींत मांडल्या, आणि छपाईचा खर्च त्यांच्या तुलनेत कितीतरी कमी ठेवला.

सहभागींना मानधन कोणत्या स्वरूपात द्यायचे हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा गुंतागुंतीचा आहे. काहींकडे बँक खाते नसते. काहींना मिळणारी सरकारी मदत उत्पन्नाशी जोडलेली असते, त्यामुळे किरकोळ रक्कमही त्यांच्या मदतीवर परिणाम करू शकते. काहींना प्रवासाचा पास पैशांपेक्षा उपयोगी वाटतो, तर काहींना पास आधीच मिळालेला असतो. निवड सहभागी व्यक्तीवर सोडायची, आणि निवड करण्याआधी तिचे परिणाम तिला तिच्या भाषेत समजावून सांगायचे, अशी तरतूद आम्ही लिहिली. समितीकडून स्पष्टीकरण मागवले गेले ते नेमके याच ओळींवर : स्वयंसेवक उपलब्ध असताना मानधनाची गरज काय, आणि एवढ्या रकमेत कितीतरी जास्त पत्रके छापता आली असती, असे त्या पत्राचे म्हणणे होते. उत्तरात आम्ही एवढेच दाखवून दिले की त्याच अंदाजपत्रकातील मांडणीकार, हिशेबनीस आणि मुद्रक यांच्या मोबदल्याविषयी कोणी प्रश्न विचारलेला नाही, आणि ज्यांच्या ज्ञानावर हा सगळा प्रकल्प उभा आहे त्यांचाच वेळ विनामूल्य धरण्यासाठी योजनेच्या नियमांत कोणताही आधार नाही.

स्वहिश्शाची अटही याच विषयाला जोडलेली आहे. अर्जदाराने काही वाटा स्वतः उभारावा असे अनेक योजना सांगतात आणि तो श्रमाच्या किंवा वस्तूंच्या रूपात चालतो. गटातील सदस्यांनी बैठकांना, पाहणीला आणि हिशेबाला दिलेला वेळ ठरावीक दराने मोजून तो वाटा भरता येतो. मात्र त्यासाठी तारीख, काम, वेळ आणि सही असलेली नोंदवही लागते, आणि करारनाम्याच्या तारखेआधी केलेले काम सहसा धरले जात नाही. छोट्या गटांनी ही वही पहिल्या दिवसापासून ठेवावी. ज्यांच्याजवळ रोकड नाही त्यांच्यासाठी हीच मोठी पुंजी असते.

अर्ज मंजूर झाला, मागितलेल्या रकमेत थोडी कपात होऊन. कपात कुठे करायची हे आमच्यावर सोडले होते. आम्ही मेळावा वगळला.

करारनाम्यात तीन बाबींकडे लक्ष द्यावे लागले. पहिली, रक्कम खर्चानंतर परत मिळणार की आगाऊ हप्त्यांनी. मोठ्या संस्थेला खर्चानंतर रक्कम परत मिळाली तरी चालते, परंतु रोजच्या कमाईवर जगणाऱ्या दुभाष्याला काही महिने थांबायला सांगता येत नाही. म्हणून पहिला हप्ता आगाऊ मिळावा अशी लेखी विनंती आम्ही केली आणि ती मान्य झाली. दुसरी बाब विम्याची : लोकांना बसमधून सोबतीने नेताना कोणाला इजा झाल्यास जबाबदारी कोणाची, हे छत्र देणाऱ्या संस्थेच्या विमापत्रात बसते की नाही ते तपासून घ्यावे लागले. तिसरी बाब परवानगीची. थांब्यावर एक कागद चिकटवायचा तरी पदपथ एका विभागाचा, खांब परिवहन संस्थेचा आणि निवारा जाहिरातीच्या कंत्राटदाराचा असू शकतो. परिवहन संस्थेचे पाठिंब्याचे पत्र अर्जासोबत जोडलेले होते म्हणून यातले निदान एक दार लवकर उघडले. इतर दोन परवानग्यांना इतका वेळ लागला की फलकांऐवजी आम्ही हातात देता येतील अशी पत्रके आणि बसमध्ये मिळणारी ध्वनिमुद्रित माहिती यांवर भर दिला, आणि विचारान्ती तेच जास्त उपयुक्त ठरले, कारण आमच्यातील काही वयस्कर मंडळींना स्वतःची भाषा बोलता येते पण वाचता येत नाही.

पत्रकाच्या चाचणीचा प्रसंग मला मुद्दाम सांगायचा आहे. कार्ड कसे वापरायचे हे दाखवणारी तीन चित्रे एका ओळीत होती : डावीकडे गाडीत चढणारी व्यक्ती, मध्ये यंत्राला कार्ड लावणारा हात, उजवीकडे आसनावर बसलेली व्यक्ती. शब्दांची गरजच नाही, अशी मांडणीकाराची खात्री होती. चाचणीला आलेल्या एका आजींनी उजवीकडच्या चित्रावर बोट ठेवले, मग मधल्या, मग डाव्या. आणि दुभाष्यामार्फत विचारले की आधी बसायचे, मग कार्ड लावायचे आणि मग पुन्हा दारात का जायचे? त्यांची भाषा उजवीकडून डावीकडे लिहिली जाते, त्यामुळे त्यांची नजर चित्रांवरूनही तशीच फिरली. पुढे त्यांनी घडीचे पत्रक हातात घेतले तेव्हा त्यांच्या दृष्टीने जे मुखपृष्ठ होते, त्यावर आम्ही संपर्काचा तपशील छापायचे ठरवले होते. त्या एका बैठकीनंतर चित्रे एकाखाली एक घेतली, त्यांना क्रमांक दिले आणि अरबी, फारसी, उर्दू यांच्या आवृत्त्यांची घडी उलट केली. आजींच्या त्या तासाचे मानधन अंदाजपत्रकात नसते, तर सदोष पत्रकांचे गठ्ठेच्या गठ्ठे छापून झाले असते.

लिपींच्या बाबतीतही अशीच काळजी घ्यावी लागते. अरबी लिपीतील अक्षरे एकमेकांना जोडून येतात. मांडणीचे सॉफ्टवेअर नीट हाताळले नाही तर ती सुटी सुटी पडतात आणि मजकूर वाचता येत नाही. देवनागरीसारख्या लिपींत जोडाक्षरे तुटतात, मात्रा भलत्या जागी जातात. उर्दूसाठी वापरली जाणारी नस्तालीक लिपी उतरती असल्यामुळे तिला ओळींमध्ये जास्त जागा लागते, आणि आकडे मात्र उजवीकडून डावीकडे चालणाऱ्या मजकुरातही डावीकडूनच उजवीकडे वाचले जातात. ज्याला ती भाषा येत नाही त्याला यातले काहीच खटकत नाही. छपाईला जाण्यापूर्वीची शेवटची प्रत त्या भाषेच्या वाचकाने पाहून सही करायची, हा नियम आम्ही एकदाही मोडला नाही.

थांब्यांची नावे आणि मार्गांचे क्रमांक सर्व आवृत्त्यांत शहराच्या भाषेत जसे आहेत तसे ठेवले आणि शेजारी उच्चार दिला, कारण प्रवाशाला अखेर गाडीच्या पाटीशीच ते जुळवून पाहायचे असते. मेक्सिको शहराच्या मेट्रोने १९६९ मध्ये सुरुवातीपासूनच प्रत्येक स्थानकाला नावाबरोबर एक स्वतंत्र चित्रखूण दिली, आणि लान्स वायमन यांनी आखलेली ती पद्धत वाचता न येणाऱ्यालाही स्थानक ओळखायला मदत करते. थांब्यांना चित्रखुणा देणे आमच्या आवाक्यात नव्हते, परंतु मोठ्या थांब्यांशेजारची सहज ओळखू येणारी इमारत आम्ही पत्रकात रेखाटली. त्याचप्रमाणे, बसची वेळ दाखवणारी बहुतेक मोबाइल ॲप जी जीटीएफएस नावाची माहितीरचना वापरतात, तिच्यात वेगवेगळ्या भाषांतील नावे देण्यासाठी स्वतंत्र फाइलची सोय आधीपासून आहे. आम्ही तपासून घेतलेले उच्चार त्या स्वरूपात परिवहन संस्थेला दिले. तांत्रिक विभागाला त्यासाठी नवीन यंत्रणा उभारावी लागणार नव्हती.

सोबतीच्या फेऱ्या हा प्रकल्पाचा सर्वांत समाधान देणारा भाग होता. दुभाष्याबरोबर चार-पाच जणांचा गट एका ठरलेल्या मार्गावर जायचा, एकदा गाडी बदलायचा आणि परत यायचा. येतानाच्या प्रवासात दुभाषी मुद्दाम मागे बसायचा. चालकांना यात सामील करून घेणे आवश्यक होते. वेळापत्रक सांभाळत प्रत्येकाशी धीराने बोलणे चालकाला अवघड जाते, हे आम्ही त्यांच्याबरोबरच्या बैठकीत समजून घेतले. चालकांपैकी कित्येकांची स्वतःची मातृभाषाही शहराच्या भाषेहून वेगळी होती आणि त्यांच्या सूचना फार नेमक्या होत्या. ‘या थांब्यावर सांगा’, ‘मला चाकाच्या खुर्चीसाठी उतार लावून हवा’, ‘परतीची गाडी कुठून?’ अशा वाक्यांची, दोन्ही भाषांत छापलेली लहान कार्डे ही त्यांचीच कल्पना. त्या बैठकीचा वेळ त्यांच्या कामाच्या तासांत धरला जावा, अशी अट आम्ही परिवहन संस्थेपुढे ठेवली होती आणि ती पाळली गेली.

अहवालात किती पत्रके वाटली आणि किती लोकांपर्यंत पोचलात असे रकाने असतात. ते भरावे लागतातच. पण त्यातून फारसे कळत नाही. म्हणून अर्जातच आम्ही आमचे दोन वेगळे मापदंड मांडले होते : सोबतीच्या फेरीनंतर काही आठवड्यांनी ती व्यक्ती एकटी बसने गेली का, आणि गाडी बदलण्याची सवलत तिने वापरली का. ही विचारपूस दुभाषीच फोनवरून करत असत, आणि त्याचाही मोबदला अंदाजपत्रकात होता. उत्तरे सर्वच अनुकूल नव्हती. काहींना बस समजली, पण रात्री उशिरा सुटणाऱ्या पाळीनंतर बसच नव्हती. ही उत्तरे आम्ही अहवालात जशीच्या तशी दिली आणि पाहणीच्या नोंदींसह फेरआढाव्याच्या सुनावणीत मांडली. खर्चाच्या पावत्या, सह्यांची वही आणि उपयोगिता प्रमाणपत्र असे सर्व वेळेत सादर झाल्यावर शेवटचा हप्ता मिळाला.

छाननीच्या पद्धतीविषयी मत मागवले गेले तेव्हा आम्ही लिहिले की समितीवर बसने प्रवास करणारे आणि शहराची भाषा नव्याने शिकणारे रहिवासी असावेत. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ मध्ये लोकसहभागातून अंदाजपत्रक ठरवण्याची पद्धत सुरू केली, तेव्हा प्राधान्यक्रम ठरवण्याचे काम रहिवाशांच्या सभांकडे दिले होते. अनुदानाच्या छोट्या रकमेसाठी तसे करणे मुळीच अशक्य नाही. या सूचनेला अद्याप उत्तर आलेले नाही.

सुनावणीनंतर एका मार्गावरची शेवटची फेरी कामगारांच्या पाळीशी जुळेल अशी पुढे सरकवली गेली. दुसऱ्या मार्गाबाबत पुढील आढाव्यात विचार होईल असे कळवले आहे. वेळापत्रक बदलताच पत्रके जुनी होतात, म्हणून ती अद्ययावत ठेवण्याचे काम परिवहन संस्थेने स्वतःच्या माहिती विभागाकडे घ्यावे यासाठी आमचा पत्रव्यवहार सुरू होता, आणि आता भाषांतर व तपासणीच्या मोबदल्याची एक ओळ त्यांच्या नियमित खर्चात आली आहे. सुनावणीतील दुभाष्यांचा खर्च मात्र अजून त्यात नाही; पुढच्या अर्जात तो सर्वांत वर असेल.